गॅस भरण्यापासून गळती शोधण्यापर्यंत : रायगड किनाऱ्यावरील मोटार-वातानुकूलन दुरुस्तीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना शोध, कारखाने आणि कायदे यांना जेवढे स्थान मिळते तेवढे दुरुस्तीला मिळत नाही. वास्तविक कोणतेही यंत्र समाजात रुजते ते दुरुस्तीच्या आधारावर. मोटारीतील वातानुकूलन यंत्रणा हे त्याचे ठळक उदाहरण होय. 'एसीचा गॅस संपला, भरून घ्या' हे वाक्य आज पनवेलपासून श्रीवर्धनपर्यंत कोणत्याही मोटारमालकाच्या परिचयाचे आहे. या साध्या वाक्यामागे सुमारे नऊ दशकांचा रसायनशास्त्राचा, आंतरराष्ट्रीय करारांचा आणि लहान गॅरेजांतील कारागिरीचा इतिहास दडलेला आहे.

प्रस्तुत लेखात रायगड किनाऱ्याच्या संदर्भात या इतिहासाचा मागोवा घेतला आहे. ओझोनविषयक कराराने भारतात कारखान्यांतील गॅस बदलला; परंतु दुरुस्तीची सवय बदलण्याचे काम गॅरेजमधील कारागिरावर येऊन पडले आणि त्या कामाचे मोल मात्र ठरले नाही, हे लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

गळतीचे मूळ कारण :

घरातील फ्रीज पंधरा-वीस वर्षे गॅस न भरता चालू शकतो, मग मोटारीच्या एसीत काही वर्षांनी गॅस का कमी होतो, या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या रचनेत आहे. फ्रीजमध्ये काँप्रेसर आणि त्याची विजेची मोटर एकाच पोलादी कवचात वेल्डिंग करून बंद केलेली असतात. मोटारगाडीत काँप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. त्याचा दांडा कवचाबाहेर येतो आणि तेथे गॅस अडविण्याचे काम केवळ एक सील करते. इंजिन सतत हादरत असल्याने सर्व नळ्या धातूच्या ठेवता येत नाहीत. काही ठिकाणी रबरी होज पाइप वापरावे लागतात. प्रत्येक जोडावर रबराची ओ-रिंग असते. काँप्रेसरमधून निघालेला गॅस रेडिएटरसमोरील कंडेन्सरमध्ये थंड होऊन द्रवरूप होतो, ड्रायरमधून जाताना त्यातील ओलावा शोषला जातो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून दाब उतरतो आणि डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये तो पुन्हा वायुरूप होताना गाडीतील हवेची उष्णता घेतो. या बंद फेऱ्यात गॅस 'खर्च' होत नाही. तो कमी झाला याचा अर्थ तो कोठून तरी बाहेर गेला, एवढाच असतो. रबरातून आणि सीलमधून होणारी अल्प झीज सोडली, तर बाकी सारी गळतीच होय.

किनारपट्टीवर या गळतीला आणखी दोन कारणे मिळतात. खाऱ्या वाऱ्याने कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्या व नळ्या गंजतात. दमट हवेतील पाणी कूलिंग कॉइलवर सतत साचते. त्यात धूळ मिसळली की कॉइलही आतून-बाहेरून खराब होऊ लागते. अलिबाग, मुरूड किंवा दिवेआगर येथे समुद्रालगत उभ्या राहणाऱ्या गाडीला घाटमाथ्यावरील गाडीपेक्षा या दोन्ही गोष्टी अधिक सोसाव्या लागतात. शिवाय दमट प्रदेशात यंत्रणेला हवा थंड करण्याबरोबरच हवेतील बाष्पाचे पाणी करण्याचेही काम पडते. त्यामुळे गॅस थोडा कमी झाला तरी त्याचा परिणाम लवकर जाणवतो.

आर-१२ आणि मोटारीतील थंडावा :

यांत्रिक शीतनाच्या आरंभकाळात अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मिथिल क्लोराइड हे वायू वापरले जात. ते विषारी होते. १९२८ ते १९३० या काळात अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन वर्गातील जो वायू पुढे आणला, तो पुढे आर-१२ म्हणून ओळखला गेला. तो जळत नव्हता, विषारी नव्हता आणि उणे ३० अंश सेल्सियसच्या आसपास उकळत होता. प्रवासी ज्या बंद जागेत बसतात तेथे कूलिंग कॉइल बसविणे अशा वायूमुळेच शक्य झाले. १९३९ च्या अखेरीस अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने वातानुकूलित मोटार बाजारात आणली. तिच्या काँप्रेसरला क्लच नव्हता. यंत्रणा बंद करावयाची असल्यास इंजिनाचा पट्टा काढावा लागे. पुढे विद्युत-चुंबकीय क्लच आला आणि बटणावर चालणारा एसी सर्वसामान्य झाला.

अमोनियाचे स्थान मात्र पूर्णपणे गेले नाही. मासेमारीसाठी लागणारा बर्फ तयार करणारे कारखाने त्याच्यावर चालत राहिले. पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकसारख्या कंपन्यांनी त्यासाठीचे काँप्रेसर देशातच बनविले. अलिबागजवळील थळ येथे १९८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या प्रकल्पात तर खतासाठी अमोनियाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होते. म्हणजे ओझोनला धक्का न लावणारा आणि पृथ्वीचे तापमान न वाढविणारा जुना वायू याच किनाऱ्यावर उपलब्ध होता. पण त्याच्या विषारीपणामुळे प्रवासी मोटारीत त्याला जागा नव्हती.

किनाऱ्यावर वातानुकूलित मोटारीचे आगमन :

आज रायगड म्हणून ओळखला जाणारा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जात असे. मुंबई डोळ्यांसमोर दिसत असूनही येथील किनारा दीर्घकाळ मुख्यतः जलमार्गाने शहराशी जोडलेला होता. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे जाणाऱ्या लाँचने प्रवासी येत. मोटार येत नसे. १९७३ मध्ये ठाणे खाडीवर वाशी येथे पूल झाल्यावर मुंबईहून पनवेलकडे जाण्याचा वळसा वाचला. पनवेल, पेण, वडखळ आणि तेथून अलिबाग हा खुष्कीचा मार्ग मोटारींना सोयीचा झाला. १९८९ मध्ये उरण तालुक्यात न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि अवजड वाहतुकीने या भागातील रस्ते व्यापले.

याच दशकात मोटारीचेही रूप बदलले. ॲम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात एसी ही अपवादात्मक चैन होती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली आणि तिच्या वातानुकूलित आवृत्तीने मध्यमवर्गाला या सोयीची ओळख करून दिली. मोटार-वातानुकूलन यंत्रणा देशात बनविण्यासाठी १९८५ मध्ये जपानी सहकार्याने सुब्रोस ही कंपनी स्थापन झाली. १९९३ मध्ये प्रवासी मोटार उद्योग परवानामुक्त झाल्यावर नव्या कंपन्या आल्या. १९९८ मध्ये पुण्यात तयार होणारी टाटा इंडिका आली आणि एसी असलेली डिझेल मोटार टॅक्सी-व्यवसायाच्याही आवाक्यात आली. किहीम, नागाव, काशीद येथे सुटीसाठी येणारा मुंबईकर आता काच बंद करून येऊ लागला.

कोकणात या यंत्रणेचा आणखी एक उपयोग आहे, जो चैनीच्या चर्चेत सहसा लक्षात घेतला जात नाही. अलिबाग परिसरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसात काचा बंद केल्या की प्रवाशांच्या श्वासातील बाष्प समोरच्या काचेवर धरते आणि रस्ता दिसेनासा होतो. एसी हवा कोरडी करीत असल्याने हे बाष्प मिनिटभरात निघते. महामार्गावर भर पावसात गाडी चालविणाऱ्यासाठी एसी हे सुरक्षिततेचेही साधन ठरते. त्यामुळे 'उन्हाळा संपला, आता गॅस पुढच्या वर्षी भरू' हा विचार येथे दोन प्रकारे महाग पडतो : पावसाळ्यात काच पुसत बसावे लागते, आणि यंत्रणा महिनोन्महिने बंद राहिल्याने तेल न मिळालेले काँप्रेसरचे सील कोरडे पडून गळती वाढते.

ओझोनचा करार आणि भारताची भूमिका :

१९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी क्लोरोफ्लुरोकार्बनमधील क्लोरीन वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोन नष्ट करतो, असे दाखविले. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनचा मोठा ऱ्हास जाहीर केला. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करार झाला. जो गुण आर-१२ च्या यशाचे कारण होता, म्हणजे त्याचे रासायनिक स्थैर्य, तोच आता दोष ठरला. कारण खाली न विघटणारा हा वायू अखंड स्वरूपात वर पोचत होता.

भारताने आरंभी या करारावर स्वाक्षरी केली नाही. देशाचा दरडोई वापर अत्यल्प होता आणि पर्यायी रसायनांचे तंत्रज्ञान श्रीमंत राष्ट्रांच्या कंपन्यांकडे होते. १९९० मध्ये लंडन येथील परिषदेत बहुपक्षीय निधीची तरतूद झाल्यानंतर, १९ जून १९९२ रोजी भारत करारात सामील झाला. दरडोई वापर ०.३ किलोग्रॅमपेक्षा कमी असलेल्या विकसनशील देशांना जी मुदतवाढ होती ती भारतालाही मिळाली. विकसित देशांत आर-१२ चे उत्पादन १९९५ च्या अखेरीस थांबले. भारताला २०१० पर्यंतचा अवधी होता.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली जुलै २००० मध्ये ओझोनचा क्षय करणाऱ्या पदार्थांसंबंधीचे नियम लागू झाले. १ जानेवारी २००३ पासून औषधी फवाऱ्यांसारखे काही अपवाद वगळता नव्या उत्पादनांत क्लोरोफ्लुरोकार्बन वापरण्यास मनाई झाली. उत्पादन बंद करण्यासाठी बहुपक्षीय निधीने १९९९ मध्ये ८ कोटी २० लाख डॉलरचे साहाय्य तत्त्वतः मंजूर केले होते. देशात हा वायू चार कंपन्या बनवीत होत्या. १ ऑगस्ट २००८ रोजी, ठरलेल्या मुदतीच्या सतरा महिने आधी, भारतातील उत्पादन थांबले. करारपालनाच्या दृष्टीने हे निर्विवाद यश होते.

कायद्याचे शेवटचे टोक :

कारखान्याच्या दारापर्यंत आलेला बदल गॅरेजमध्ये मात्र इतक्या सरळपणे उतरला नाही. २००३ नंतर नवी गाडी आर-१३४ए या वायूची होती, पण रस्त्यावर आर-१२ च्या जुन्या गाड्या होत्याच. दोन्हींसाठी सिलिंडर, गेज आणि तेल वेगवेगळे ठेवणे आवश्यक होते. आर-१२ बरोबर खनिज तेल चालत असे. ते आर-१३४ए मध्ये मिसळत नाही. मिसळले नाही तर ते गॅसबरोबर फिरून काँप्रेसरकडे परत येत नाही आणि काँप्रेसर जाम होतो. नव्या वायूसाठी लागणारे पीएजी तेल हवेतील ओलावा झपाट्याने शोषून घेते. तेलाचा डबा उघडा ठेवण्याची जुनी सवय कोकणातील दमट हवेत म्हणूनच घातक ठरते.

जुनी गाडी नव्या वायूवर आणावयाची तर जुने तेल काढून नळ्या धुणे, ड्रायर बदलणे, योग्य रबराच्या ओ-रिंगा घालणे, गॅस भरण्याच्या तोंडावर नवे जोड बसविणे आणि यंत्रणा व्हॅक्यूम करणे एवढी कामे होती. आर-१२ ची तोंडे आट्यांची आणि आर-१३४ए ची झटपट बसणाऱ्या जोडांची ठेवली होती, ती चुकून एका गाडीत दुसरा वायू जाऊ नये म्हणूनच. तरीही एवढा खर्च करण्यापेक्षा 'आहे त्यात थोडा गॅस मारून द्या' असे सांगणारा ग्राहक दुर्मीळ नसे.

दुरुस्तीचा शास्त्रीय क्रम वेगळा आहे. प्रथम यंत्रणेत उरलेला गॅस हवेत न सोडता यंत्राने काढून घ्यावयाचा. नंतर नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाचे पाणी किंवा इलेक्ट्रॉनिक शोधक वापरून गळती शोधावयाची. दोष दूर झाल्यावर व्हॅक्यूम पंप लावावयाचा; दाब पुरेसा उतरला की आत शिरलेले पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळून बाहेर पडते. पंप बंद केल्यावर गेजचा काटा स्थिर राहतो का ते पाहावयाचे. शेवटी बॉनेटखालील पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरावयाचा. आजच्या लहान मोटारीत हे वजन साधारण ३५० ते ५०० ग्रॅम असते. एवढ्या लहान मात्रेत शंभर ग्रॅमची चूकही मोठी ठरते. केवळ गेजवरील दाब पाहून भरलेला गॅस बाहेरच्या उष्णतेनुसार कमी-अधिक होतो. जास्त भरल्यास थंडावा घटतो आणि काँप्रेसरवर ताण येतो.

या क्रमात सर्वांत अधिक वेळ गळती शोधण्यास लागतो. डॅशबोर्डमागील कॉइल संशयित असेल तर तो उतरविण्यातच दिवस जातो. परंतु ग्राहक पैसे मोजतो ते गॅसचे. सिलिंडर दिसतो, काट्याची हालचाल दिसते, थंड वारा लागतो. कारागिराने दोन तास शोधून काढलेले सुईच्या अग्राएवढे छिद्र दिसत नाही. परिणामी जो मेकॅनिक दहा मिनिटांत गॅस भरून देतो तो स्वस्त वाटतो आणि जो गळती शोधल्याशिवाय गॅस भरण्यास नकार देतो तो अडेलतट्टू ठरतो. 'गॅस भरणे' ही सवय अज्ञानातून आली असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. ती मजुरीच्या हिशेबातून आली आहे.

हे वास्तव धोरणकर्त्यांच्या अगदीच ध्यानात आले नव्हते असे नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून स्विस आणि जर्मन साहाय्याने लहान दुरुस्ती-व्यावसायिकांसाठी प्रशिक्षण सुरू झाले आणि २००४ नंतरच्या राष्ट्रीय योजनेत मोटार-वातानुकूलन दुरुस्तीचाही समावेश झाला. गॅस परत मिळविणे, व्हॅक्यूम आणि गळतीची तपासणी हे विषय त्यात होते. मात्र प्रशिक्षणाने कौशल्य वाढते. त्या कौशल्याची मजुरी ग्राहकाने द्यावी, अशी व्यवस्था त्यातून आपोआप निर्माण होत नाही.

बंदर आणि बनावट गॅसचा धडा :

आर-१३४ए हा केवळ मोटारीचा वायू नाही. न्हावा-शेवा बंदरातून द्राक्षे, मासळी आणि इतर नाशवंत माल ज्या शीत-कंटेनरांतून परदेशी जातो त्यांच्या यंत्रणेतही तो दीर्घकाळ वापरला गेला. २०११ मध्ये या कंटेनरांच्या क्षेत्रात एक गंभीर प्रकार जगासमोर आला. व्हिएतनाममध्ये देखभाल झालेल्या काही कंटेनरांच्या यंत्रणांचे स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. आर-१३४ए च्या नावाखाली विकल्या गेलेल्या गॅसमध्ये मिथिल क्लोराइडची भेसळ होती, असे आढळले. मिथिल क्लोराइडची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन हवेचा स्पर्श होताच पेट घेणारे संयुग तयार होते. जो विषारी वायू १९३० च्या सुमारास आर-१२ ने बाजूला सारला होता, तोच स्वस्ताईच्या वाटेने परत आला होता.

मोटारीतील कंडेन्सर आणि कूलिंग कॉइलही ॲल्युमिनियमचेच असतात. म्हणून हा धडा बंदरापुरता मर्यादित नाही. वास न येणारा, रंग नसलेला वायू सिलिंडरवरील चिठ्ठीवरून ओळखावा लागतो, आणि चिठ्ठीवर विश्वास ठेवणारा कारागीर हाच अपघाताच्या सर्वांत जवळ उभा असतो.

तिसरे स्थित्यंतर :

आर-१३४ए मध्ये क्लोरीन नसल्याने ओझोनचा प्रश्न सुटला. तापमानवाढीचा सुटला नाही. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे. आर-१२ चा तो सुमारे १०,९०० पट होता. या हिशेबाने लहान मोटारीतील ५०० ग्रॅम आर-१३४ए हवेत गेला तर तो सुमारे ७१५ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडएवढा, म्हणजेच जवळजवळ तीनशे लिटर पेट्रोल जाळण्याएवढा परिणाम करतो. दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणाऱ्या गाडीचे खरे माप हे आहे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये किगाली येथे या वर्गातील वायूंवरही मर्यादा ठरली. भारताने ही दुरुस्ती २०२१ मध्ये मान्य केली. त्यानुसार भारताचा वापर २०२८ मध्ये गोठविला जाईल आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी होत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटेल. युरोपीय संघात २०१७ पासून सर्व नव्या मोटारींना अत्यल्प तापवृद्धी-क्षमतेचा वायू बंधनकारक आहे. त्यासाठी मुख्यतः आर-१२३४वायएफ वापरला जातो. तो महाग आहे आणि काही प्रमाणात ज्वलनशीलही आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींत काँप्रेसर उच्च दाबाच्या विजेवर फिरतो आणि त्यात नेहमीचे पीएजी तेल चालत नाही. चुकीचे तेल पडल्यास विद्युत-रोधन बिघडते. म्हणजे कारागिराला पुन्हा नवे सिलिंडर, नवे गेज, नवे तेल आणि नवा धोका यांना सामोरे जावयाचे आहे.

दरम्यान किनाऱ्यावरील गाड्यांची संख्या आणि वर्दळ वाढत आहे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू होऊन मोटार थेट जलमार्गाने अलिबाग तालुक्यात उतरू लागली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू खुला झाला. डिसेंबर २०२३ च्या केंद्रीय अधिसूचनेने १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन आवश्यक ठरविले. उरणच्या रस्त्यांवर तासन्‌तास रांगेत उभ्या राहणाऱ्या ट्रेलर-चालकाला ही सोय फार उशिरा लाभत आहे. तिच्याबरोबर दुरुस्तीचे कामही वाढणार आहे.

निष्कर्ष :

मोटार-वातानुकूलनाच्या इतिहासात प्रत्येक वायू आधीच्या वायूचा दोष दूर करण्यासाठी आला. अमोनियाचा विषारीपणा आर-१२ ने, आर-१२ चा ओझोनघात आर-१३४ए ने दूर केला, आणि आता आर-१३४ए च्या जागी दुसरा वायू येत आहे. या तिन्ही टप्प्यांत एक गोष्ट समान राहिली : यंत्रणेतून वायू गळत राहिला आणि तो पुन्हा भरला जात राहिला. वायू बदलण्यासाठी जगाने करार केला, निधी उभारला, मुदती ठरविल्या. गळती शोधणाऱ्या हाताच्या मजुरीचा विचार मात्र ग्राहकाच्या आणि मेकॅनिकच्या घासाघिशीवर सोडला गेला.

त्यामुळे पुढील स्थित्यंतर यशस्वी व्हावयाचे असेल तर दुरुस्तीच्या बिलाची रचना बदलणे आवश्यक आहे. गळती-तपासणीचे शुल्क स्वतंत्र असावे, भरलेल्या गॅसचे नाव व वजन बिलावर लिहिले जावे, आणि गॅस परत मिळविण्याची यंत्रे लहान गॅरेजांना सामायिक पद्धतीने उपलब्ध व्हावीत. खाऱ्या, दमट हवेत जेथे गळती अधिक होते त्या रायगड किनाऱ्यावर याची गरज अधिक आहे. आंतरराष्ट्रीय कराराचे अंतिम पालन मॉन्ट्रियल किंवा किगालीत होत नाही. ते वडखळ नाक्यासारख्या ठिकाणी, बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाडीजवळ होते. तेथे काम करणाऱ्या कारागिराच्या वेळेला किंमत मिळाली, तरच ते पालन टिकेल.